सॅलमन्ससाठी वाट: तिसऱ्या पिढीच्या एका संघाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

आमच्या पोकेमॉन खेळणाऱ्या ग्रुपची स्पर्धा १२ जुलैला सुरू होतेय. तिसऱ्या पिढीचे गेम, ओयू (सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या पोकेमॉनचा गट), प्रत्येक फेरी तीन डावांची. सांगलीचा मावसभाऊ आणि मी मिळून एक संघ बांधायचा, दोघांनीही तोच खेळायचा, असं काल रात्री ठरलं. त्या कामाच्या या नोंदी.

तिसरी पिढी म्हणजे रुबी, सफायर आणि एमराल्ड. पहिले दोन गेम जपानमध्ये नोव्हेंबर २००२ मध्ये आले, एमराल्ड २००४ मध्ये. एवढी वर्षं उलटूनही शोडाउन या ऑनलाइन सिम्युलेटरवर या पिढीच्या लढती रोज चालू असतात आणि अजून नवे डाव सापडतात. मला ती सगळ्या पिढ्यांमध्ये जास्त आवडते याचं कारण एकच: इथे टीम प्रीव्ह्यू नाही. पाचव्या पिढीपासून, म्हणजे २०१० पासून, लढत सुरू होण्याआधीच समोरच्याचे सहाही पोकेमॉन दिसतात. इथे दिसतो तो फक्त मैदानात उतरलेला एक. बाकीचे पाच कोण, हे एकेक चाल खेळून काढून घ्यावं लागतं. संघ बांधताना सहा नावं निवडणं हे अर्धंच काम. कोणतं नाव कधी दाखवायचं, हे उरलेलं अर्धं.

शेवट कोणी करायचा ते आधी ठरवलं: ड्रॅगन डान्स ही चाल असलेला सॅलमन्स. एकदा डान्स केला की हल्ला आणि वेग दोन्ही दीडपट. त्याच्या बाकी चाली हिडन पॉवर फ्लाइंग, अर्थक्वेक, रॉक स्लाइड. या पिढीत चाल शारीरिक की स्पेशल हे तिच्या टाइपवरून ठरतं, चौथ्या पिढीसारखं चालीगणिक वेगळं नाही. फ्लाइंग, ग्राउंड आणि रॉक तिन्ही शारीरिक, त्यामुळे तिन्ही चाली त्या एकाच वाढलेल्या हल्ल्यावर चालतात. उरलेल्या पाच जागा सॅलमन्सची वाट मोकळी करण्यासाठी. प्रत्येक पोकेमॉनला एकच प्रश्न विचारायचा: तू सॅलमन्ससाठी काय करतोस?

४ जून, बुधवार

अडथळे कोण कोण ते कागदावर काढले.

पहिला स्कार्मरी, यात वादच नाही. स्टील आणि फ्लाइंग, शारीरिक बचाव प्रचंड. सॅलमन्सच्या अर्थक्वेकचा त्याच्यावर परिणामच होत नाही, बाकी दोन चाली जेमतेम ओरखडा काढतात, आणि तो व्हर्लविंडने समोरच्याला मैदानाबाहेर फेकून डान्सवर पाणी फिरवतो. ओयूत दर थोड्या लढतींनी स्कार्मरी भेटतोच. त्याच्यावर एकच खात्रीचा उपाय आहे, मॅग्नेटन. त्याच्या मॅग्नेट पुल या क्षमतेमुळे स्टील टाइपला मैदान सोडता येत नाही, आणि थंडरबोल्ट फ्लाइंगवर दुप्पट लागतो.

दुसरा अडथळा पाण्यातले, आइस बीम बाळगणारे: स्वॉम्पर्ट, सुइकून, मिलोटिक, स्टारमी. ड्रॅगन आणि फ्लाइंग एकत्र असल्यामुळे बर्फ चौपट लागतो. यांच्यासाठी मेटाग्रॉस आणि त्याचा एक्स्प्लोजन, म्हणजे स्वतःचा बळी देऊन केलेला स्फोट. या पिढीत एक्स्प्लोजन समोरच्याचा बचाव निम्मा धरतो, म्हणून त्याची किंमत इथे वेगळीच आहे. गणित करून पाहिलं. पूर्ण हल्ल्याचा अ‍ॅडमंट मेटाग्रॉस, समोर एचपी (जीव) आणि बचाव दोन्ही पूर्ण भरलेला बोल्ड सुइकून (पहिल्याचं नेचर, म्हणजे स्वभाव, हल्ला वाढवणारं, दुसऱ्याचं बचाव): ४०२ ते ४७४ नुकसान, आणि सुइकूनचे एचपी ४०४. नुकसानाच्या सोळा शक्यता असतात, त्यांपैकी पंधरा वेळा तो जातोच. एवढा टणक सुइकून सहसा कोणी ठेवतही नाही.

तिसरा झॅपडॉस. त्याला सांभाळायला स्पेशल मार झेलणारा कुणीतरी हवा. स्नोरलॅक्स घेतला. त्याचा आणखी एक फायदा आहे: स्नोरलॅक्स मैदानात दिसला की समोरचा हमखास स्कार्मरी आणतो. नेमकं तेच हवंय.

म्हणजे सॅलमन्स, मॅग्नेटन, मेटाग्रॉस, स्नोरलॅक्स हे नक्की. आपल्याकडेही झॅपडॉस ठेवू, थंडर वेव्हने समोरचे मंद पडले तर सॅलमन्सचं काम हलकं होतं. सहावी जागा रिकामी.

८ जून, रविवार

सहाव्या जागेवरून फोनवर बराच वेळ खल झाला. भावाचं म्हणणं, "दादा, टायरानिटार नसलेला संघ मला उघडा वाटतो. वाळू आपल्या बाजूने का नसावी?"

त्याचा मुद्दा वजनदार आहे. या पिढीत टायरानिटार उतरला की उठणारं वाळूचं वादळ एकदा सुरू झालं की आपणहून थांबत नाही. रॉक, ग्राउंड आणि स्टील सोडून सगळ्यांचे दर वेळी सोळावा हिस्सा एचपी जातात, म्हणजे लेफ्टओव्हर्स ही वस्तू हातात असली की दर वेळी मिळतं तेवढंच. समोरच्याची भर थांबते. पण आपल्या संघाकडे पाहिलं तर वाळू झॅपडॉसला खाते, स्नोरलॅक्सला खाते आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप त्या सॅलमन्सलाही खाते. शिवाय समोरच्याकडे टायरानिटार असण्याची शक्यता इतकी मोठी आहे की वाळू निम्म्या लढतींत तशीही येणार. आपण स्वतः ती आणण्यात अर्थ नाही.

भावाने मग क्लेडॉल सुचवला, रॅपिड स्पिनसाठी, म्हणजे समोरच्याने जमिनीवर टाकलेले स्पाइक्स (काटे) झाडायला. स्पाइक्सचे तीन थर पडले की जमिनीवरच्या प्रत्येकाचे आत येताना पाव एचपी जातात, आणि आपले तीन जण जमिनीवर आहेत. तरीही मला वाटतं या संघाने स्पाइक्स काढत बसू नये. स्पाइक्स टाकणाराच मॅग्नेटनच्या तोंडी द्यावा.

शेवटी स्वॉम्पर्ट. समोरच्या टायरानिटारला, मेटाग्रॉसला, एअरोडॅक्टिलला तोंड देणारा दुसरा कोणीच संघात नव्हता. आणि त्याला रोअर दिला की कॅल्म माइंडने ताकद वाढवत बसलेल्या सुइकूनलाही हुसकावता येतं. भाऊ तयार झाला, पण म्हणाला की स्पर्धेपर्यंत टायरानिटारचा विषय तो सोडणार नाही.

१२ जून, गुरुवार

आज फक्त मॅग्नेटन. सगळ्यात जास्त हिशेब याच्याच मागे लागला.

अनुभवी खेळाडू स्कार्मरीचे सगळे ईव्ही (हवे तसे वाटायचे वाढीचे गुण) एचपीत आणि स्पेशल बचावात टाकून नेचर केअरफुल, म्हणजे स्पेशल बचाव वाढवणारं, ठेवतात, तो खास मॅग्नेटनसाठी. अशा स्कार्मरीचे एचपी ३३४. आमचा पहिला मॅग्नेटन टिमिड होता, वेगासाठी. त्याचा थंडरबोल्ट या स्कार्मरीला २६५ ते ३१२ लागतो. स्कार्मरी जिवंत राहतो आणि व्हर्लविंडने मॅग्नेटनला उचलून फेकतो. व्हर्लविंड नेहमी शेवटी लागतो, त्यामुळे आधी मारून टाकलं तरच तो टळतो. एका फटक्यात जायलाच हवा.

नेचर मॉडेस्ट, म्हणजे स्पेशल हल्ला वाढवणारं, केलं: २९० ते ३४२. सोळापैकी तीनच वेळा मरतो. मग लेफ्टओव्हर्स काढून हातात मॅग्नेट दिला. विजेच्या चालींना दहा टक्के वाढ: ३२१ ते ३७८. सोळापैकी बारा. उरलेल्या चार वेळा स्कार्मरीकडे तेरापेक्षा जास्त एचपी उरत नाहीत. या पिढीत एचपी भरून देणारी रूस्ट ही चाल नाही, त्याला उभं राहायचं तर रेस्ट घेऊन झोपावं लागेल, आणि झोपलेला स्कार्मरी सॅलमन्सला अडवत नाही. मला हे प्रमाण पटलं. भाऊ म्हणाला, लेफ्टओव्हर्सशिवाय मॅग्नेटन फार टिकणार नाही. टिकावा अशी अपेक्षाच नाही. त्याने एक काम करायचं आणि जायचं.

वेगाकडे आता कमी ईव्ही उरले, पण स्कार्मरी, मेटाग्रॉस आणि मॅग्नेटन तिघांचाही मूळ वेग ७० आहे. ८० ईव्ही टाकले की १९६ होतो, आणि वेगात काहीही न टाकलेला स्कार्मरी १७६ वर असतो. बास.

हिडन पॉवर या चालीचा टाइप कोणता ठेवायचा हा प्रश्न उरला होता. बहुतेक जण फायर ठेवतात, फोरेट्रेस आणि मेटाग्रॉससाठी. आम्ही ग्रास घेतला. मॅग्नेटनने स्कार्मरी मारला की समोरचा पटकन स्वॉम्पर्ट आणतो: वीज लागत नाही, अर्थक्वेकने मॅग्नेटन सरळ झोपतो. त्या स्वॉम्पर्टला हिडन पॉवर ग्रास ३४६ ते ४०८ लागतो, त्याच्या ४०४ एचपीपैकी. मॅग्नेटन जाईल, पण जाताना सॅलमन्सच्या वाटेतले पहिले दोन्ही धोंडे हलवून जाईल. फोरेट्रेसपुढे थोडं रेंगाळावं लागेल. चालेल.

१५ जून, रविवार

रात्री अकरानंतर लॅडरवर, म्हणजे शोडाउनच्या क्रमवारीच्या लढतींना, बसलो. तेव्हा युरोपात संध्याकाळ असते, खेळायला माणसं भरपूर मिळतात आणि तिसरी पिढी मुरलेली मंडळी तेव्हाच भेटतात. भाऊ कॉलवर होता.

एक लढत इथे नीट उतरवून ठेवतो, कारण मॅग्नेटन कधी काढायचा याचं उत्तर तीत मिळालं.

समोर टायरानिटार, आमचा झॅपडॉस. आम्ही लगेच स्वॉम्पर्टवर गेलो, रॉक स्लाइड त्याने झेलली. पुढच्या चालीला आम्ही अर्थक्वेक टाकला, समोरच्याने ओळखून स्कार्मरी आणला. आता मैदानात आमचा स्वॉम्पर्ट आणि त्याचा स्कार्मरी, जमिनीवर एकही स्पाइक नाही. भाऊ म्हणाला, "थांब ना, आधी स्नोरलॅक्स आण. त्याला दोन थर टाकू दे, निर्धास्त होऊ दे, मग मॅग्नेटन." मी म्हटलं, आत्ताच.

स्कार्मरीला व्हर्लविंडचा उपयोग दोनच वेळा होतो: समोर कुणी ताकद वाढवत असेल तेव्हा, किंवा जमिनीवर स्पाइक्स असतील तेव्हा. या क्षणी दोन्ही नाही. स्वॉम्पर्टवर टॉक्सिक (विष) टाकेल किंवा पहिला थर टाकेल. टॉक्सिक आला तरी मॅग्नेटन स्टील आहे, लागणार नाही. म्हणजे स्कार्मरी पहिल्यांदा आत येतो ती चाल मॅग्नेटनला सगळ्यात सुरक्षित. एक थर पडू दिला की त्याच्या पुढे व्हर्लविंडचा रस्ता उघडतो, दोन थर पडले की तो जवळजवळ नक्कीच व्हर्लविंड करतो, आणि आत येणारा मॅग्नेटन स्कार्मरीला हात लावण्याआधीच बाहेर फेकला जातो. वर आपलं गुपितही फुटतं.

मॅग्नेटन आत, स्कार्मरीचा पहिला थर. पुढच्या चालीला त्याने प्रोटेक्ट केलं, पण अडकलेल्याला प्रोटेक्ट किती वेळ पुरणार. थंडरबोल्ट, स्कार्मरी गेला. मग अपेक्षेप्रमाणे स्वॉम्पर्ट आला, हिडन पॉवर ग्रास लागला, त्याच्याकडे थोडकेच एचपी राहिले, त्याने मॅग्नेटन घेतला. पुढे मेटाग्रॉसने ब्लिसीवर एक्स्प्लोजन टाकला आणि सॅलमन्सला मैदान मोकळं मिळालं.

नियम लिहून ठेवला: स्कार्मरी पहिल्यांदा दिसला आणि आपण ताकद वाढवत नसलो, तर मॅग्नेटन तिथल्या तिथे.

१९ जून, गुरुवार

डगट्रिओ असलेले संघ सलग भेटले. अरीना ट्रॅपने मॅग्नेटनला किंवा मेटाग्रॉसला पकडतो आणि एका अर्थक्वेकमध्ये मॅग्नेटन संपवतो. यावर वेगळा बदल करायची गरज नाही. मॅग्नेटनने स्कार्मरी घेतल्यावर डगट्रिओ आला तर सौदा बरोबरीचा, आणि डगट्रिओ पुढे उडणाऱ्या सॅलमन्सला पकडू शकत नाही. स्कार्मरी मरायच्या आधी मात्र मॅग्नेटन उगाच दाखवायचा नाही.

२२ जून, रविवार

सॅलमन्सचे ईव्ही. हा दिवस मला फार आवडला.

अ‍ॅडमंट, हल्ला २५२, वेग २५२ असा साधा सेट आतापर्यंत होता. डान्सनंतर वेग ४४७ होतो. पण एवढा वेग कुणासाठी? डान्सनंतर जे गाठायचे त्यांत सगळ्यात वेगवान एअरोडॅक्टिल, जॉली (वेग वाढवणारं नेचर) असला तर ३९४. म्हणजे डान्सआधी २६४ असला की दीडपट होऊन ३९६. हिडन पॉवर फ्लाइंगसाठी वेगाचा आयव्ही (जन्मजात गुण) ३० ठेवावा लागतो, त्यामुळे ११२ ईव्हीने २६३ येतात आणि डान्सनंतर नेमके ३९४, म्हणजे नाणेफेक. ११६ टाकले की २६४. वेगाला ११६ पुरे.

उरलेले एचपीत. मूळचा सॅलमन्स ३३१ एचपीचा, आणि स्पेशल हल्ल्यात काहीही न टाकलेल्या स्वॉम्पर्टचा आइस बीम त्याला २९२ ते ३४४ लागतो. सोळापैकी चार वेळा पूर्ण एचपीवरूनही मरतो. १४० ईव्ही टाकले की एचपी ३६६. आता कधीच मरत नाही, असं वाटलं. मग भावाने वाळू धरून हिशेब मांडला. ३६६ मधून ३४४ गेले, उरले २२. ३६६ चा सोळावा हिस्सा खाली धरला की २२. लेफ्टओव्हर्सच्या आधी वाळूचं नुकसान होतं. उरतं शून्य.

मग हल्ल्यातले चार ईव्ही काढून एचपीत टाकले. हल्ला ४०५ चा ४०४ झाला, एचपी ३६७. सगळ्यात मोठा आइस बीम आणि त्यावर वाळू, तरी एक एचपी राहतो, आणि मग लेफ्टओव्हर्स २२ परत देतात. हल्ल्याचा एक गुण देऊन स्वॉम्पर्टसमोर डान्स करायची मुभा मिळाली. स्पेशल हल्ल्यात काही न टाकलेल्या सुइकूनचा आइस बीमही, वाळू नसेल तर, ३६० च्या वर जात नाही.

याची किंमतही आहे. डान्सआधी सॅलमन्स २६४ वर, म्हणजे झॅपडॉस, सेलेबी, जिराची यांच्यातल्या वेगवानांच्या मागे. झॅपडॉस हिडन पॉवर आइस घेऊन बसलेला असेल तर त्याच्यासमोर येता येत नाही. तिथे स्नोरलॅक्सने आधी आपलं काम केलेलं असायला हवं. स्नोरलॅक्सला सेल्फ-डिस्ट्रक्ट दिलेलाच आहे.

अंतिम सेट: हल्ला २४८, एचपी १४४, वेग ११६.

२५ जून, बुधवार

स्नोरलॅक्सची चौथी चाल नक्की केली: बॉडी स्लॅम, शॅडो बॉल, अर्थक्वेक, सेल्फ-डिस्ट्रक्ट. घोस्ट टाइप या पिढीत शारीरिक आहे, म्हणून शॅडो बॉल गेंगारला जबर लागतो. रेस्ट नाही. हा संघ लांब खेळण्यासाठी नाहीच.

२९ जून, रविवार

पहिला कोण उतरवायचा, यावर पूर्ण संध्याकाळ गेली आणि ती सार्थकी लागली.

लॅडरवर वर सरकलो तसं एक गोष्ट वारंवार दिसायला लागली. झॅपडॉस पहिला, पाठोपाठ मेटाग्रॉस किंवा स्नोरलॅक्स दिसला की समोरचा स्कार्मरी आणायचा थांबतो. जुने खेळाडू ही तीन नावं पाहून चौथं नाव मॅग्नेटन असं धरूनच चालतात. मग ते स्कार्मरी झाकून ठेवतात आणि शेवटी, मॅग्नेटन गेल्यावर, सॅलमन्ससमोर काढतात. आमच्या संघात चूक काहीच नव्हती. तो वाचता येत होता, एवढंच.

म्हणून स्वॉम्पर्ट पहिला. स्वॉम्पर्ट सगळ्या तऱ्हेच्या संघांत असतो, अगदी चिवट, वाळू आणि स्पाइक्सवर जगणाऱ्या संघांतही. त्याच्याकडे पाहून काहीच ठरवता येत नाही. टायरानिटार, मेटाग्रॉस, सॅलमन्स यांपैकी कोणीही समोरून सुरुवातीला आलं तरी स्वॉम्पर्ट उभा राहतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अर्थक्वेकच्या आशेने स्कार्मरी त्याच्यावर बिनधास्त येतो. १५ तारखेच्या लढतीत जे दुसऱ्या-तिसऱ्या चालीला घडलं ते आता पहिल्याच चालीपासून घडू शकतं, आणि तोवर आमचं फक्त एक नाव उघड झालेलं असतं.

मेंढीकोटात बंद हुकूम असतो, तो उघडेपर्यंत समोरची जोडी अंदाजाने खेळते. मॅग्नेटन आमचा बंद हुकूम.

भावाने यात एक भर घातली जी मला सुचली नसती. स्कार्मरी लवकर नाही आला तर मधल्या टप्प्यात मेटाग्रॉसऐवजी झॅपडॉस आधी दाखवायचा. स्वॉम्पर्ट आणि झॅपडॉस ही जोडी ब्लिसी असलेल्या संथ संघांतही दिसते. समोरचा त्यावर आपली ब्लिसी काढतो, ब्लिसी कुठे आहे ते कळतं, आणि झॅपडॉस बॅटन पासने मेटाग्रॉसला आत घेऊन येतो. आमचे चार पोकेमॉन दिसले तरी सॅलमन्सचा पत्ता लागत नाही.

त्या रात्री या क्रमाने खेळलेल्या लढती मनासारख्या झाल्या. जिंकण्यापेक्षा समाधान याचं की समोरचे स्कार्मरी पुन्हा मोकळेपणी यायला लागले.

२ जुलै, बुधवार

क्लॉइस्टर. स्पाइक्स टाकतो, स्टील नसल्यामुळे अडकत नाही, आइस बीम असतो आणि शेवटी एक्स्प्लोजन. क्लॉइस्टर पहिला आला तर स्वॉम्पर्टला फारसं काही करता येत नाही. झॅपडॉस आणावा लागतो आणि तोवर एक थर पडतो. हा कच्चा दुवा मान्य करून पुढे जातोय. याच्यासाठी संघ मोडणं परवडणार नाही.

६ जुलै, रविवार

आषाढी. सकाळी घरी सगळे, दुपारी खिचडी खाऊन भाऊ कॉलवर. विषय: दुसरा डाव.

स्पर्धेची प्रत्येक फेरी तीन डावांची आहे. पहिल्या डावात सॅलमन्सने शेवट केला की गुपित संपलं. डावांच्या मध्ये संघ बदलायची परवानगी आहे, त्यामुळे वेगळेच सहा आणता येतात. पण आम्हाला वाटलं, तेच सहा आणले तर? समोरचा पहिला डाव आठवूनच खेळेल. तो सॅलमन्ससाठी आपला पाण्याचा पोकेमॉन जपेल, मॅग्नेटनला घाबरून स्कार्मरी झाकेल. त्याच्या या दोन्ही सवयींवर एक जुळा संघ बांधायचा.

जुळ्या संघात शेवट मेटाग्रॉस करतो, अजिलिटीसह. अजिलिटीने वेग दुप्पट. हिशेब सुंदर आहे: वेगात एकही ईव्ही न टाकता १७६ चे ३५२ होतात, टिमिड गेंगार ३५० वर. २० ईव्हीने ३६२, म्हणजे स्टारमीच्या ३६१ च्या पुढे. ४४ ने ३७४, डगट्रिओ ३७२. ८८ ने ३९६, एअरोडॅक्टिलच्याही पुढे. ८८ वर थांबलो. बाकी हल्ला २५२, एचपी १६८. चाली मीटिओर मॅश, अर्थक्वेक, अजिलिटी आणि एक्स्प्लोजन.

आणि सॅलमन्स पहिला उतरतो. ड्रॅगन क्लॉ, फायर ब्लास्ट, ब्रिक ब्रेक, हिडन पॉवर ग्रास. पहिल्या डावात शेवटपर्यंत दडलेला सॅलमन्स दुसऱ्यात पहिल्याच चालीला दिसला की समोरच्याची गडबड उडते. त्याने जपलेला स्वॉम्पर्ट हिडन पॉवर ग्रास खातो, झाकलेला स्कार्मरी बाहेर आला तर फायर ब्लास्ट खातो, आणि मेटाग्रॉससाठी तीच वाट मोकळी होते. मॅग्नेटन जागेवरच, पण आता तो आणखी मागे.

भाऊ हसून म्हणाला, "म्हणजे टायरानिटार जुळ्यातही नाही."

१० जुलै, गुरुवार

आज दोन्ही संघ एक्स्पोर्ट करून दोघांच्या फोनवर ठेवले. पहिला संघ असा.

स्वॉम्पर्ट पहिला, रिलॅक्स्ड, लेफ्टओव्हर्स, एचपी आणि बचाव भरून. अर्थक्वेक, आइस बीम, हायड्रो पंप, रोअर. झॅपडॉस, लेफ्टओव्हर्स, थंडरबोल्ट, हिडन पॉवर आइस, थंडर वेव्ह, बॅटन पास. मॅग्नेटन, मॉडेस्ट, मॅग्नेट, स्पेशल हल्ला २५२, एचपी १७६, वेग ८०. थंडरबोल्ट, हिडन पॉवर ग्रास, टॉक्सिक, सब्स्टिट्यूट. मेटाग्रॉस, अ‍ॅडमंट, लेफ्टओव्हर्स. मीटिओर मॅश, अर्थक्वेक, रॉक स्लाइड, एक्स्प्लोजन. स्नोरलॅक्स २५ तारखेचा. सॅलमन्स २२ तारखेचा.

सराव थांबवला. स्पर्धेतले काही जण लॅडरवरही असतात, त्यांच्यासमोर हा क्रम आणखी उघडायचा नाही.

१३ जुलै, रविवार

काल दोघांची पहिली फेरी झाली. भावाची दोन डावांत संपली, त्याला जुळ्या संघात मेटाग्रॉस काढायचीही वेळ आली नाही. सॅलमन्सच्या फायर ब्लास्टने स्कार्मरी गेल्यावर स्नोरलॅक्सनेच उरलेलं आवरलं.

माझी तीन डावांत. पहिला जिंकलो, नेहमीच्या वाटेने. दुसऱ्यात समोरच्याने सेलेबी आणि स्टारमी घेऊन वेगळाच संघ आणला, स्कार्मरी नव्हताच, आणि माझा अजिलिटी मेटाग्रॉस थंडर वेव्हने अडकला. तिसऱ्याला मी पहिलाच संघ पुन्हा काढला, पण सुरुवात स्नोरलॅक्सने केली. समोरच्याचा स्कार्मरी परत आलेला होता, आणि तो स्नोरलॅक्ससमोर दुसऱ्याच चालीला मैदानात उतरला. बहुधा त्याला वाटलं असावं की मी या वेळी जुळा संघ आणलाय आणि सुरुवातीचं आमिष सॅलमन्स नसून स्नोरलॅक्स आहे. मी मॅग्नेटन आणला, त्याने पहिला थर टाकला. थंडरबोल्टनंतर स्कार्मरीकडे नऊ एचपी राहिले, त्याने व्हर्लविंड मारला आणि माझा सॅलमन्सच ओढून बाहेर आला. लपवलेलं नाव चौथ्या चालीला उघडं. पण समोर नऊ एचपीचा स्कार्मरी होता आणि त्याने रेस्ट निवडला. तो झोपला तेव्हा मी डान्स केला. त्याने झोपेतला स्कार्मरी मागे घेऊन स्वॉम्पर्ट काढला, वाळू नव्हती, आइस बीम लागला आणि सॅलमन्स उभा राहिला.

पुढच्या फेरीतला प्रतिस्पर्धी क्लॉइस्टरने सुरुवात करतो, असं ग्रुपमध्ये सगळेच सांगतायत. त्याच्यासाठी झॅपडॉस पुन्हा पहिला लावून बघायचा, आणि मॅग्नेटनच्या टॉक्सिकच्या जागी काही वेगळं बसतं का ते बुधवारी भावाबरोबर तपासायचं.